देवाला दाखला कशाला?

(कोथरूडच्या एका ज्येष्ठ नागरिक संघात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रकावर विषय छापलाय तो असा : 'विश्वाची उत्पत्ती – श्रद्धा की विज्ञान?' यातला 'की' माझा नाही. मी दिलेलं शीर्षक जरा खोचक होतं, ते कार्यकारिणीत पास झालं नाही. असो. पुण्यात व्याख्यानाला येणाऱ्यांना निम्मं आधीच माहीत असतं आणि उरलेलं पटत नसतं, त्यामुळे दीर्घिका, म्हणजे ताऱ्यांचे प्रचंड समूह, आपल्यापासून लांब जातात, ते खगोलशास्त्रज्ञ हबलने १९२९ला दाखवलं वगैरे मी पहिल्यापासून सांगत बसणार नाही. मला आज एकच गोष्ट मांडायची आहे. देव मानणारे आपल्या देवासाठी विज्ञानाचा दाखला मागत फिरतात आणि न मानणारे विज्ञानाकडून देव नसल्याचा दाखला मागतात. विज्ञान यातला कुठलाच दाखला देत नाही. ते का, हे सांगायचंय. पण त्याआधी आमच्या सोसायटीतली एक पूजा सांगतो.

वर्धापनदिनाचा सत्यनारायण होता. पार्किंगमधल्या गाड्या काढून चौरंग मांडलेला, चेअरमन आणि वहिनी पाटावर. गुरुजी तरुण, बी.एस्सी. झालेले, नंतर वेदपाठशाळेत शिकलेले. स्कूटरवरून दिवसाला तीन-चार पूजा उरकतात. त्यांनी संकल्प सुरू केला. तुम्ही सगळ्यांनी तो शेकडो वेळा ऐकलाय आणि शेकडो वेळा त्याच वेळी शिऱ्याकडे बघितलंय. श्रीश्वेतवाराहकल्पे, वैवस्वतमन्वंतरे, अष्टाविंशतितमे कलियुगे, प्रथमचरणे, मग भरतखंडे, गोदावर्याः दक्षिणे तीरे, मग शालिवाहन शक, तिथी, वार, नक्षत्र.

तेवढ्यात आमच्या माजी सेक्रेटरींनी मला कोपर मारलं. हे गृहस्थ बँकेतून निवृत्त झालेत आणि रोज सकाळी सव्वासहाला ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकतात. मी विज्ञान शिकवायचो म्हणून ते फॉरवर्ड मला वेगळे, वैयक्तिक, पुन्हा एकदा येतात. (हशा) म्हणाले, ''ऐकलंत का सर? कल्प! कल्प म्हणजे किती? चारशे बत्तीस कोटी वर्षं. आणि तुमच्या पृथ्वीचं वय किती?'' मी म्हटलं, चारशे चोपन्न कोटी. ''बघा! तुमचे लोक आत्ता कुठे पोचले तिथे.''

आता मी गप्प बसायला हवं होतं. घरातून तशी सूचनाही होती, डोळ्यांनी. पण हिशोबाची गोष्ट निघाली की मला राहवत नाही. मी खिशातली वर्गणीची पावती काढली आणि तिच्या मागे आकडे मांडले. चार युगं मिळून एक महायुग, ४३ लाख २० हजार वर्षांचं. अशी हजार महायुगं म्हणजे एक कल्प, म्हणजे ४३२ कोटी, बरोबर. पण ती कल्पाची पूर्ण लांबी झाली. संकल्पच आपल्याला सांगतोय की कल्प संपलेला नाही, आपण त्याच्या मधेच कुठेतरी आहोत. कल्पातल्या चौदा मन्वंतरांपैकी सातवं चालू आहे. म्हणजे सहा मन्वंतरं गेली, ७१ महायुगांचं एक, कल्पाच्या सुरुवातीचा एक आणि प्रत्येक मन्वंतरानंतरचा एक असे सात संधिकाल धरा, सातव्यातली सत्तावीस महायुगं झाली, अठ्ठाविसाव्यातली कृत, त्रेता, द्वापर झाली आणि कलियुगाची पाच हजारांवर थोडी. बेरीज येते १९७ कोटी २९ लाख. म्हणजे पृथ्वीचं वय गुरुजींच्या संकल्पाप्रमाणे काढायचं तर ते १९७ कोटी निघतं, निम्म्याहूनही कमी. आणि विश्वाचं वय धरायचं तर ते आज १३८० कोटी मोजलं गेलंय, तिथे तर हिशोब लागतच नाही.

पावती त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती उलटून आधी पुढची बाजू बघितली, वर्गणी किती दिली ते. (हशा) मग म्हणाले, ''पण सर, ही नुसती ब्रह्मदेवाच्या दिवसाची गोष्ट झाली. रात्र मिळवा.'' म्हणजे आठशे चौसष्ट. तेही जुळेना, तर म्हणे ब्रह्मदेवाचं वर्ष घ्या. मंडळी, माझं भांडण इथेच आहे. जुळलं तर ऋषींना माहीत होतं आणि नाही जुळलं तर आकडा बदला! बँकेत असताना यांनी कोणाला असा ताळेबंद जुळवू दिला असता का?

अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांचं एक वाक्यही ते नेहमी पाठवतात, की आधुनिक विश्वविज्ञानाच्या कालमानाशी मेळ खाणारं कालमान फक्त हिंदू धर्मात आहे. वाक्य खरं आहे. पण त्या वाक्याच्या मधोमध सेगन यांनी 'अर्थात योगायोगाने' अशा अर्थाचे शब्द घातलेत. फॉरवर्डमध्ये नेमके तेवढेच गळतात.

मजा पुढे आहे. कथा संपली, आरती झाली, गुरुजी दक्षिणा मोजून घेत होते. सेक्रेटरींनी निवाड्यासाठी पावती त्यांच्यापुढे धरली. गुरुजींनी ती नीट वाचली, संधिकाल मी धरलेत का तेही तपासलं, आणि म्हणाले, ''काका, बेरीज बरोबर आहे. पण संकल्पात आपण देवाला पत्ता सांगतो हो. कुठे बसलोय, केव्हा बसलोय. पत्त्यावरून कोणी घराचा पाया कधी खणला ते काढतं का?'' आणि स्कूटर सुरू करून पुढच्या पूजेला गेले. तीस वर्षं शिकवून मला हे एवढ्या थोडक्यात सांगता आलं नव्हतं.

तसंच नासदीय सूक्ताचं. ऋग्वेद, दहावं मंडल, १२९वं सूक्त. 'वेदांत महास्फोट आहे', म्हणजे विश्व एका अतिउष्ण, अतिदाट अवस्थेतून सुरू झालं हा बिग बँगचा सिद्धांत वेदांत आहे, असं म्हणणारे हटकून तेच काढतात. मला ते फार आवडतं, म्हणून त्याचे हाल बघवत नाहीत. तो कवी विचारतो, 'को अद्धा वेद', नक्की कोणाला माहीत आहे? देवांना विचारावं तर तोच सांगतो की देव या सृष्टीनंतरचे. आणि शेवटी म्हणतो की परम व्योमात जो याचा अध्यक्ष आहे, त्याला ठाऊक असेल, किंवा त्यालाही नसेल. इतकं धीट वाक्य म्हणणाऱ्या माणसाच्या तोंडी तुम्ही 'मला सगळं माहीत होतं' हे कोंबता? त्याने प्रश्न उघडा ठेवला हाच त्याचा मोठेपणा.

दुसऱ्या बाजूवरही बोलतो, नाहीतर मागच्या रांगेतले माझे विवेकवादी मित्र फार खुशीत घरी जातील. त्यांच्यातले एक जण प्रत्येक सभेत सांगतात की देव नाही हे विज्ञानाने सिद्ध केलं. मी विचारतो, कुठल्या प्रयोगात? खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर सर देव मानत नव्हते, पण त्यांनी काय तपासलं ते बघा. २००८ साली पुण्यातच दाभोलकरांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या सहकार्याने त्यांनी फलज्योतिषाची चाचणी घेतली. हुशार मुलांच्या आणि मतिमंद मुलांच्या पत्रिका सरमिसळ करून ज्योतिषांना दिल्या, कोणती कोणाची ते ओळखा म्हटलं. २७ ज्योतिषांनी उत्तरं पाठवली, सरासरी ४६ टक्के बरोबर. नाणं उडवलं असतं तरी पन्नासच्या आसपास आली असती. ज्या दाव्याला मोजपट्टी लागते तो मोजला, मोजला आणि पाडला. जो मोजता येत नाही त्याबद्दल त्यांनी 'सिद्ध झालं' असं म्हटलं नाही.

चिठ्ठी आलीय. 'दहा मिनिटं, साडेसातला भजनी मंडळ.' बघा, आणि मी मुख्य विषयाला अजून हात घातलेला नाही. आता भराभर.

महास्फोटाची कल्पना मांडली कोणी? जॉर्ज लमेत्र, बेल्जियमचे, कॅथलिक धर्मगुरू. १९२३ला दीक्षा, १९२७ला विश्व प्रसरण पावतंय हा शोधनिबंध. आइन्स्टाइन त्यांना म्हणाले, तुमचं गणित बरोबर आहे, भौतिकी मात्र भयंकर आहे. १९३१मध्ये लमेत्रनी आदिअणूची, म्हणजे सगळं विश्व एकाच अणूतून निघालं अशी, कल्पना मांडली. आणि विरोध कोणी केला? ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल, पक्के नास्तिक. १९४८ला बाँडी आणि गोल्ड यांनी एक आणि हॉइल यांनी एक, असा स्थिर स्थिती सिद्धांत मांडला : विश्वाला सुरुवातच नाही, पदार्थ सतत थोडाथोडा तयार होत राहतो. 'बिग बँग' हे नावही हॉइलचंच, १९४९च्या बीबीसीच्या भाषणातलं. सुरुवात म्हटली की त्यांना धर्माचा वास यायचा.

आता १९५१. पोप बारावे पायस जाहीर भाषणात म्हणाले की विज्ञान बायबलातल्या त्या आदिम 'प्रकाश होवो'ची साक्ष देतंय. म्हणजे आमच्या सेक्रेटरींचंच, व्हॅटिकनमधून. सगळ्यात अस्वस्थ कोण झालं? लमेत्र! त्यांनी पोपच्या विज्ञान सल्लागारामार्फत प्रयत्न केले आणि १९५२ला रोममध्ये खगोलशास्त्रज्ञांपुढे बोलताना पोपनी तो दावा पुन्हा केला नाही. सिद्धांत आज आहे, उद्या बदलेल, त्याला देव बांधला तर देवालाही त्याच्याबरोबर फरफटत जावं लागेल, हे त्या धर्मगुरूला कळत होतं.

निकाल कसा लागला? १९६४-६५, न्यू जर्सी, पेन्झियास आणि विल्सन हे दोन रेडिओ खगोलशास्त्रज्ञ. अँटेनात एक खरखर, कुठल्याही दिशेला वळवा, जात नाही. आत कबुतरांनी संसार थाटलेला, तो काढला, विष्ठा खरवडली, तरी खरखर तशीच. ती विश्वाच्या बाल्यावस्थेतली उष्णता निघाली, आज उरलेली, निरपेक्ष शून्याच्या, म्हणजे ज्याखाली तापमान जाऊच शकत नाही त्याच्या, वर पावणेतीन अंश. विल्सन हॉइलच्या तासाला बसलेले, त्यांचा स्वतःचा कल स्थिर स्थितीकडे. तरी आकडा विरुद्ध गेला. लमेत्रना ही बातमी १९६६ला मृत्यूच्या थोडं आधी कळली.

आणि आपल्याकडे? नारळीकर हॉइलचे शिष्य, शेवटपर्यंत महास्फोटाबद्दल साशंक, १९९३ला स्थिर स्थितीची सुधारित मांडणीही केली. रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांच्या उटीच्या रेडिओ दुर्बिणीच्या निरीक्षणांचा कौल मात्र महास्फोटाकडे. एकाने आयुका ही खगोलशास्त्राची संस्था उभारली, दुसऱ्याने एनसीआरए या रेडिओ खगोलशास्त्राच्या संस्थेतर्फे खोडदला ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना उभ्या केल्या. या दोन्ही संस्था पुण्यात गणेशखिंडीला शेजारीशेजारी. इतका मूलभूत मतभेद आणि त्यात देव कुठेही साक्षीदार नाही. चर्चा सगळी दूरच्या रेडिओस्रोतांची कोनीय व्याप्ती किती, म्हणजे आकाशात ते केवढे दिसतात, यावर.

पाच मिनिटांची चिठ्ठी. प्रश्नांच्या चिठ्ठ्यांत एकच प्रश्न सहा वेळा आहे, तो घेतो : महास्फोटाआधी काय होतं? महास्फोट सिद्धांत शून्यातून विश्व कसं झालं हे सांगतच नाही. फार उष्ण, फार दाट अवस्थेपासून पुढे काय झालं ते सांगतो : पहिल्या काही मिनिटांत हेलियम, वस्तुमानाच्या साधारण पाव हिस्सा, पावणेचार लाख वर्षांनी ती खरखर मोकळी. त्या उष्ण, दाट अवस्थेच्याही मागे, अगदी सुरुवातीकडे गेलो की आइन्स्टाइनची समीकरणं अनंत उत्तरं देतात, आणि तिथे पुंज गुरुत्वाचा, म्हणजे क्वांटम भौतिकी आणि गुरुत्वाकर्षण एकत्र बसवणारा, सिद्धांत हवा, तो अजून तयार नाही. त्या मोकळ्या जागेत देव बसवायचा असेल तर बसवा, पण लमेत्रनी तसं केलं नाही, कारण उद्या सिद्धांत आला की तिथून उठवावा लागेल. आणि 'तिथे देव नाही हे ठरलं' असं म्हणणाऱ्यांकडेही तो सिद्धांत नाहीच.

सध्याचं भांडण वेगळंच आहे. त्या खरखरीवरून विश्वाच्या प्रसरणाचा वेग काढला तर ६७ येतो, ताऱ्यांवरून मोजत गेलं तर ७३. एकक सांगत बसत नाही, भजनी मंडळ दारात आलंय. दोन्ही गट आपापल्या मोजणीतल्या चुका शोधून थकलेत आणि फरक जात नाही. त्यावर पुढच्या महिन्यात बोलेन, कार्यकारिणीने शीर्षक पास केलं तर.