दहा मिनिटं पुढचं घड्याळ

(दृश्य: पहाट. स्वयंपाकघरात एकच दिवा. भिंतीवरच्या घड्याळात सहा वाजून पाच मिनिटं.)

या घरातलं घड्याळ दहा मिनिटं पुढे आहे. मुद्दाम तसं लावलेलं. घरातल्या प्रत्येकाला ते ठाऊक आहे, तरीही काट्यांकडे नजर गेली की हात आपोआप भराभर चालायला लागतात. डबा भरून झाला. किल्ली पर्समध्ये पडली. मुलाच्या अंगावरून सरकलेलं पांघरूण नीट केलं. मूल गाढ झोपेत आहे. त्याला उठवून शाळेत सोडायचं काम बाबांचं. ते उठेल तेव्हा आई बसमध्ये असेल.

ही दहा मिनिटं कशासाठी? बस दोन मिनिटांनी हुकली तर पुढची वीस मिनिटांनी. आणि वीस मिनिटं उशीर म्हणजे लेटमार्क. बसचं वेळापत्रक तिच्या हातात नाही, कामाची वेळ हातात नाही, घर आणि कामाची जागा यांतलं अंतरही नाही. हातात आहे ते भिंतीवरचं घड्याळ. म्हणून तिनं ते पुढे केलं.

ही बाई कोणत्याही शहरातली असेल.

(दृश्य: ब्रिस्टल. जुन्या दगडी इमारतीवरचं घड्याळ.)

इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात कॉर्न एक्सचेंज नावाची जुनी इमारत आहे. तिच्या घड्याळाला मिनिटकाटे दोन आहेत. दोघांमध्ये कायम दहा मिनिटांचं अंतर.

ब्रिस्टल लंडनच्या पश्चिमेला, त्यामुळे सूर्य तिथे माथ्यावर यायला दहा मिनिटं उशीर होतो. एके काळी प्रत्येक गाव आपापल्या सूर्यावर चालायचं आणि त्यात कुणाचं काही अडत नव्हतं. मग रेल्वे आली. १८४० मध्ये ग्रेट वेस्टर्न रेल्वेनं आपल्या सगळ्या स्थानकांवर लंडनची वेळ लावली. गावच्या वेळेनं स्थानकावर पोचावं, तर गाडी निघून गेलेली. म्हणून दोन काटे: एक गावाचा, एक गाडीचा. १८५२ मध्ये ब्रिस्टलनं अधिकृतपणे लंडनची वेळ स्वीकारली आणि १८८० मध्ये तसा देशभर कायदा झाला. दिवस कधी सुरू होतो हे तोवर सूर्य सांगत होता, आता वेळापत्रक सांगू लागलं.

(दृश्य: जुन्या तटबंदीच्या शहराचा नकाशा. भिंती हळूहळू पुसल्या जातात, शहर पसरतं.)

माणूस दिवसाकाठी प्रवासाला किती वेळ देतो? १९७० च्या दशकात याकोव्ह झहावी या अभियंत्यानं निरनिराळ्या शहरांतल्या प्रवासाचे आकडे मांडले. ठिकाण बदललं, वाहन बदललं, तरी सरासरी साधारण तासाभराच्या आसपासच रेंगाळत होती. १९९४ मध्ये इटलीचे भौतिकशास्त्रज्ञ चेझारे मार्केट्टी यांनी हाच धागा इतिहासात मागे नेला. तासाला पाच किलोमीटर चालणारा माणूस अर्ध्या तासात अडीच किलोमीटर जातो आणि पुढच्या अर्ध्या तासात परत येतो. जुनी पायी चालणाऱ्यांची शहरं जवळजवळ तेवढ्याच घेरात बसायची. मार्केट्टींनी बर्लिनचं उदाहरण दिलं: घोड्यांची ट्राम आली, शहर पसरलं; विजेची ट्राम आली, आणखी पसरलं; मग भुयारी रेल्वे, मग मोटारी.

वेग दहापट झाला, पण त्या वेगानं वाचवलेली मिनिटं कुणाच्या पदरात पडली नाहीत. ती अंतरानं गिळली.

आणि सरासरीच्या आत बरंच काही झाकलं जातं. कामाच्या जागेजवळ ज्याला घर परवडतं, तो दहा मिनिटांत पोचतो. ज्याला परवडत नाही, तो जायचे दोन तास आणि यायचे दोन तास मोजतो. शहर साफ करणारे, शहराची पहाटेची पाळी सांभाळणारे, रुग्णालयात रात्र काढणारे बहुधा या दुसऱ्या रांगेत उभे असतात.

(दृश्य: कारखान्यांची धुराडी. नंतर सरळ रेषांचे नगररचना आराखडे.)

अंतर वाढलं त्याचं सगळं खापर वाहनांवर फोडता येत नाही. काही अंतर कागदावर आखलं गेलं. कारखान्यांचा धूर घरांत शिरत होता, त्यात माणसं आजारी पडत होती. घरं एकीकडे आणि धुराडी दुसरीकडे, हा विचार माणुसकीचाच होता. १९२६ मध्ये ओहायोतल्या युक्लिड नावाच्या गावाच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं अशा विभागणीला मान्यता दिली. १९३३ मध्ये आधुनिक वास्तुरचनाकारांची परिषद मार्सेयहून अथेन्सला निघालेल्या जहाजावर भरली. तिथल्या विचारातून पुढे शहराची चार कामं सांगितली गेली: राहणं, काम करणं, विरंगुळा आणि ये-जा.

धुराडी दूर गेली ते बरंच झालं. पण त्याच रेषेनं दुकान, दवाखाना, शाळा, कचेरीही घरापासून तोडली. एरवी चालत उरकली असती अशी कामं वाहनाशिवाय होईनाशी झाली. ब्राझीलची राजधानी ब्राझिलिया याच विचारानं उभी राहिली. १९६० मध्ये तिचं उद्घाटन झालं, पण ती बांधणाऱ्या मजुरांसाठी टागुआटिंगा ही वसाहत त्याआधीच, १९५८ मध्ये, शहराबाहेर वसली होती. राजधानीचा पहिला दिवस उजाडण्याआधीच तिच्या कामगारांचा लांबचा प्रवास ठरून गेला होता.

गर्दी झाली की रस्ता रुंद करायचा, हा उपाय सगळ्यांना पहिला सुचतो. अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहराचा केटी फ्रीवे हा महामार्ग २००८ पर्यंत रुंद केला. शेजारचे जोडरस्ते धरले तर काही ठिकाणी तो सव्वीस पदरी आहे. काही वर्षांतच गर्दीच्या वेळचा प्रवास पुन्हा लांबला. मोकळा रस्ता दिसला की नव्या गाड्या येतात, लांबची घरं विकली जातात आणि रस्ता पुन्हा भरतो.

(दृश्य: मेलबर्न. दगडी स्तंभावरचे तीन आठ.)

आता कामाच्या वेळेकडे येऊ. मला या सगळ्यात सर्वांत जास्त अस्वस्थ करणारी गोष्ट इथे आहे.

२१ एप्रिल १८५६ रोजी मेलबर्नच्या विद्यापीठाचं बांधकाम करणाऱ्या पाथरवटांनी हत्यारं खाली ठेवली आणि संसदभवनाकडे मोर्चा नेला. मागणी होती आठ तासांच्या दिवसाची, आणि त्यांनी ती मिळवली. आठ तास काम, आठ तास विरंगुळा, आठ तास विश्रांती. १९१९ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा पहिलाच करार दिवसाला आठ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा घालणारा होता. या तीन आठांसाठी माणसांनी लाठ्या खाल्ल्या, तुरुंग भोगला, जीवही दिला.

तिन्ही आठ नीट मोजून पाहा. चोवीस होतात. प्रवासाला जागाच नाही.

मग तो वेळ येतो कुठून? कामाच्या आठातून कुणी घेऊ देत नाही. उरतात विरंगुळा आणि झोप. म्हणजे मुलाशी खेळण्याचा वेळ, आजारी माणसाजवळ बसण्याचा वेळ, आणि पहाटेची ती अर्धी झोप. मालकाच्या लेखी कामगार दारातून आत आला की दिवस सुरू होतो. नगररचनाकाराच्या लेखी तो एका रेषेवरून सरकणारा ठिपका असतो. मधला तास कुणाच्याच वहीत लिहिलेला नसतो. म्हणून तो कमी व्हावा अशी घाईही कुणाला नसते.

तो वहीत लिहिला गेला अशी एक गोष्ट आहे. स्पेनमध्ये घरांत आणि दुकानांत सुरक्षा यंत्रणा बसवणारी एक कंपनी होती. २०११ मध्ये तिनं प्रांतोप्रांतीच्या कचेऱ्या बंद केल्या. तंत्रज्ञ आधी कचेरीत यायचे, तिथून त्यांचा दिवस धरला जायचा. आता ते घरून थेट ग्राहकाकडे जाऊ लागले. कधी शंभराहून जास्त किलोमीटर, कधी तीन-तीन तास. दिवस मात्र पहिल्या ग्राहकाच्या दारात पोचल्यावर मोजायला सुरुवात. गाडी चालवण्याचा तो वेळ कंपनीनं कोणत्या सदरात टाकला होता? विश्रांतीच्या.

१० सप्टेंबर २०१५ रोजी युरोपीय संघाच्या न्यायालयानं निकाल दिला. ज्यांना कामाची ठरलेली जागा नाही, त्यांचा घरापासून पहिल्या ग्राहकापर्यंतचा आणि शेवटच्या ग्राहकापासून घरापर्यंतचा प्रवास हा कामाचाच वेळ. रोज एकाच कचेरीत जाणाऱ्यांना हा निकाल लागू नाही. तरीही मला तो मोलाचा वाटतो. स्टिअरिंगवर हात ठेवून रस्त्यावर नजर रोखलेला माणूस विश्रांती घेत नसतो, एवढी साधी गोष्ट कुणीतरी कायद्याच्या भाषेत लिहून ठेवली.

वेळा सरकवण्याचे प्रयत्नही झाले. म्युनिकजवळच्या ओटोब्रुनमध्ये विमानं बनवणाऱ्या एका कंपनीच्या दारात रोज सकाळी कामगारांची एकच झुंबड उडायची. १९६७ मध्ये तिथे मधले काही तास सगळ्यांनी हजर राहायचं, बाकी येण्याजाण्याची वेळ ज्याची त्यानं ठरवायची, अशी सोय सुरू झाली. जर्मनमध्ये तिला ग्लाइट्साइट म्हणतात, म्हणजे सरकती वेळ. इटलीनं तर २००० सालच्या एका कायद्यात तीस हजारांहून जास्त वस्तीच्या शहरांना सांगितलं, की शाळा, दुकानं, कचेऱ्या आणि वाहतूक यांच्या वेळांचा मेळ घाला. रस्ते आणि इमारती आखाव्या लागतात, तशा वेळाही आखाव्या लागतात, हे त्यात मान्य केलेलं होतं.

(दृश्य: संध्याकाळ. चौक. पादचाऱ्यांचा सिग्नल हिरवा होतो.)

ती बसमधून उतरली आहे. घर अजून लांब. आधी औषधांचं दुकान, मग भाजी, मग शाळेनंतर मुलं सांभाळतात तिथून मुलाला घ्यायचं, मग वाटेतच सासूबाईंकडे डोकावून औषध द्यायचं. वाहतुकीच्या पाहण्यांत घर ते काम अशी एक सरळ रेघ असते. तिची रेघ मात्र जागोजागी गाठ मारलेल्या दोऱ्यासारखी आहे. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात मुलाचा हात.

सिग्नल हिरवा झाला. तिच्या पुढे एक आजोबा काठी टेकत उतरले. अनेक ठिकाणी पादचाऱ्यांच्या सिग्नलचा वेळ ठरवताना माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असं धरलं जात आलं आहे. चौदा मीटरच्या रस्त्याला त्या हिशेबानं बारा सेकंद पुरतात. आजोबांची चाल ०.८ मीटरची. त्यांना साडेसतरा लागतात. बाराव्या सेकंदाला ते रस्त्याच्या मध्याच्या थोडे पुढे आहेत आणि गाड्यांचे आवाज वाढू लागले आहेत. ती त्यांच्या बाजूला जाऊन उभी राहते, मुलाला आत घेते आणि गाड्यांकडे हात करते. अमेरिकेनं २००९ मध्ये आपल्या नियमावलीत हा आकडा उतरवून १.०७ च्या आसपास आणला. कागदावर दशांश चिन्हानंतर झालेला बदल. त्या रस्त्यावर जेमतेम एका सेकंदाचा. आजोबांना आणखी चार हवे आहेत.

(दृश्य: व्हिएन्ना. अंगणाभोवतीच्या इमारती. मुलं खेळताहेत.)

तिच्या दोऱ्यातल्या गाठी व्हिएन्नानं मोजल्या. १९९० च्या दशकात तिथल्या नगररचनेत काही स्त्रियांनी विचारायला सुरुवात केली, की दिवसभर शहरात कोण, कशासाठी, कसं फिरतं? एफा काइल हे त्यातलं महत्त्वाचं नाव. त्यातून फ्राउएन-वेर्क-श्टाट ही साडेतीनशेच्या वर घरांची वसाहत उभी राहिली, आराखडे स्त्री वास्तुरचनाकारांचे. बालवाडी वसाहतीतच. बाबागाडी ठेवायला जागा. अंगण असं, की खेळणारी मुलं घरातून दिसावीत. पुढे शहरात पदपथ रुंद झाले, अंधारे कोपरे उजळले, पायऱ्यांशेजारी उतार आले. यात डोळे दिपवणारं काही नाही. पण बालवाडी खालीच असली की दोऱ्यातली एक गाठ सुटते, आणि रोजची वीस मिनिटं घरात परत येतात.

(दृश्य: पुन्हा तेच घर. रात्र.)

मुलानं शाळेत नुकतंच घड्याळ वाचायला शिकलंय. पांघरुणातून तो भिंतीकडे पाहतो.

"आई, नऊ चाळीस."

"साडेनऊ रे."

"पण काटा आठावर आहे."

ती हसते. उद्याचा गजर लावते, दिवा मालवते आणि त्याच्याजवळ आडवी होते.

"मग खरी दहा मिनिटं कुठे गेली?"

"आहेत की. आत्ता चालू आहेत," ती म्हणते. "सांग, आज शाळेत काय झालं?"