रॅकची मागची बाजू

[ठाणे-बेलापूर रस्ता, सकाळ]

महापे, रबाळे, ऐरोली. रसायनांच्या कारखान्यांच्या या पट्ट्यात आता डेटा सेंटरच्या बिनखिडक्यांच्या इमारती उभ्या आहेत. 12 ऑक्टोबर 2020 ला सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबईची लाईट एकदम गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. अशा दिवशी चर्चा होते ती यूपीएसची, जनरेटरची. तिथून पुढे नेटवर्क स्विचपर्यंत, म्हणजे डेटा इकडून तिकडे वळवणाऱ्या यंत्रापर्यंत, वीज कशी पोचते, हे कोणी विचारत नाही.

[रॅकच्या मागे]

रॅक म्हणजे ही यंत्रं बसवायचं कपाट. पाहुण्यांना दाखवतात ती पुढची बाजू, दिवे लुकलुकणारी. आपण मागे आलोय. दोन्ही कडांना उभ्या पट्ट्या दिसतात, त्या पीडीयू, रॅकमधल्या यंत्रांना वीज वाटणाऱ्या. फीड म्हणजे वीज येण्याची वाट. डावीकडची पट्टी ए फीडवर, उजवीकडची बी फीडवर. दोघींचे यूपीएस वेगळे. प्रत्येक स्विचला दोन पॉवर सप्लाय. लाल केबल ए ला, निळी बी ला. हे रंग हौसेचे नाहीत. रात्री तीनला, घाईत, दोन्ही केबल एकाच पट्टीत खोचल्या जाऊ नयेत म्हणून आहेत.

हा हात बघा. प्लग आत दाबतो, मग हलकेच ओढून पाहतो. सी-13 म्हणजे पीडीयूवरचं सॉकेट. त्यात प्लग अर्धवट बसला तरी दिवा लागतो; शेजारची केबल ओढताना मग तोच निसटतो.

[डिस्प्ले, जवळून]

ए पट्टीवर 24 अँपिअर. पलीकडे, बी वर, 23. पीडीयू 32 अँपिअरचा, म्हणजे दोन्हीकडे भरपूर जागा आहे असं वाटतं. भलेभले इथेच फसतात. ए गेली की तिचा सगळा लोड बी वर: 47. आणि जास्त लोड आला की वीज तोडणारा ब्रेकर लगेच पडतही नाही. आतलं दोन धातूंचं पातं तापत तापत वाकत राहतं. तोवर ‘एक फीड गेली, पण सगळं चालू आहे’ असा निरोप वर गेलेला असतो. तासाभराच्या आत बी सुद्धा ट्रिप. रॅक बंद, ग्राहकांचे फोन सुरू.

[उघडलेला पीडीयू]

तारेभोवतीचं हे छोटं कडं म्हणजे करंट ट्रान्सफॉर्मर. तार न तोडता, न सोलता ते प्रवाह मोजतं. आकडा एसएनएमपीवरून, म्हणजे नेटवर्कवरच्या यंत्रांवर नजर ठेवायच्या प्रोटोकॉलवरून, कंट्रोल रूमच्या पडद्यावर जातो. यंत्राचं काम इथे संपलं. धोक्याचा इशारा कितीवर द्यायचा, ते माणूसच ठरवतो. 32 चे 80 टक्के धरून बहुतेक जण तो 25 वर ठेवतात, मग 24 चा आकडा हिरवाच दिसतो. पण ते 80 टक्के दोन्ही फीडच्या बेरजेला लावायला हवेत. एका बाजूच्या वाट्याला जेमतेम 12 येतात.

टेक्निशियननं आत्ता तोच आकडा भरला. पडदा लाल.

निम्मा लोड आता शेजारच्या रॅकमध्ये हलवायचा आहे. परवानगी मिळाली आहे रविवारी पहाटे 2 ते 4 ची.