फाईल इम्पोर्ट न करता नकाशा थेट डेटाबेसमधून वाचा

नमस्कार मंडळी! समजा, गोव्यातल्या तिसवाडी तालुक्यातल्या खाजनांचं, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या सखल शेतजमिनींचं काम तुमच्याकडे आलंय. बांध कुठून कुठे जातो, मानस (बांधातलं पाण्याचं दार) कुठे आहे, कुठल्या शेतात खारं पाणी शिरलंय, हे सगळं एका जिओपॅकेज फाईलमध्ये, म्हणजे नकाशाचा डेटा ठेवणाऱ्या फाईलमध्ये आहे. बांधावर फिरणारी माणसं क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये ती फाईल रोज बदलतात. जमिनीच्या नोंदी मात्र पोस्टग्रेएसक्यूएल डेटाबेसमध्ये. मग बहुतेक जण फाईल इम्पोर्ट करून मोकळे होतात. उद्या बांध फुटतो, फाईलमध्ये नोंद होते, आणि तुमचं टेबल कालचंच राहतं. खाजनाच्या कामात हे परवडत नाही.

म्हणून फाईल आहे तिथेच राहू द्या आणि डेटाबेसला ती बाहेरून वाचायला लावा. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये ही फॉरेन टेबलांची, म्हणजे बाहेरचा डेटा टेबलासारखा वाचायची सोय २०११ च्या ९.१ आवृत्तीपासून आहे. नकाशांसाठी त्यावर ओजीआर एफडीडब्ल्यू हे एक्स्टेन्शन मिळतं. ते जीडाल ही नकाशांचे फॉरमॅट वाचणारी लायब्ररी वापरतं, म्हणून शेपफाईल (नकाशांचा जुना फॉरमॅट), जिओपॅकेज, डब्ल्यूएफएस (इंटरनेटवरून नकाशाचा डेटा देणारी) सेवा, सगळं चालतं.

(स्क्रीनवर कमांड)

आधी क्रिएट एक्स्टेन्शन. मग क्रिएट सर्व्हर, त्यात फाईलचा पाथ आणि फॉरमॅट. शेवटी इम्पोर्ट फॉरेन स्कीमा; नावात इम्पोर्ट असलं तरी यात फक्त टेबलाची रचना येते, डेटा नाही. कॉलम हाताने लिहायची गरजच नाही. पाथ मात्र डेटाबेस ज्या मशीनवर चालतो तिथला हवा, आणि पोस्टग्रेस युजरला ती फाईल वाचायची परवानगी हवी. तुमच्या लॅपटॉपवरच्या डेस्कटॉपचा पाथ देऊन काही होणार नाही.

शेपफाईल असेल तर कॉलमांची नावं नीट बघा. तिचे कॉलम ज्या डीबीएफ फाईलमध्ये असतात, तिच्यात नाव दहा अक्षरांपुरतंच मावतं. इंग्रजीत 'सर्व्हे अंडरस्कोर नंबर' लिहिलं असेल तर 'नंबर'मधली शेवटची तीन अक्षरं गळतात आणि तुमची जॉइन (दोन टेबलं जोडणं) अडते. गावांची नावं देवनागरीत असतील तर एन्कोडिंगही (अक्षरं साठवायची पद्धत) तपासा. मला विचाराल तर नवीन कामासाठी शेपफाईल नकोच.

आता क्षेत्रफळ. डेटा ४३२६ मध्ये, म्हणजे अक्षांश-रेखांशांच्या अंशांत असेल, तर पोस्टजीआयएस एक्स्टेन्शनमधलं क्षेत्रफळ मोजणारं एसटी एरिया फंक्शन चौरस अंशांत उत्तर देतं, त्याचा शेतकऱ्याला काय उपयोग? मीटरमध्ये मोजणाऱ्या यूटीएम पद्धतीत गोवा ४३ उत्तर झोनमध्ये येतो, म्हणून आधी ३२६४३ या त्या झोनच्या कोडमध्ये ट्रान्सफॉर्म करा. उत्तर चौरस मीटरमध्ये येईल.

आणि वेग? फॉरेन टेबलवर इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) करता येत नाही. बांधाचे चार तुकडे बघायचे असतील तर काही अडत नाही. पण अख्ख्या तालुक्याचे सर्व्हे नंबर खाजनांशी एसटी इंटरसेक्ट्सने (दोन आकार एकमेकांना छेदतात का ते बघणारं फंक्शन) जोडायला गेलात की क्वेरी रेंगाळते. तिथे फॉरेन टेबलवरून मटेरियलाइज्ड व्ह्यू, म्हणजे क्वेरीच्या उत्तराची साठवलेली प्रत बनवा आणि त्यावर नकाशांच्या आकारांसाठीचा जिस्ट इंडेक्स घाला. रोज रात्री क्रॉनमधून (ठरलेल्या वेळी कामं चालवणारी सोय) तो व्ह्यू रीफ्रेश होऊ द्या. भरतीच्या वेळी बांध फुटल्याचा फोन आला, तर व्ह्यूच्या भरवशावर राहू नका; तेवढी एक क्वेरी थेट फॉरेन टेबलवर चालवा.