आन्नेकेबाईंची ६२ एकर

नमस्कार मंडळी. आजचा विषय ऐकून तुम्ही म्हणाल, आपला काय संबंध. पण इकडे न्यू जर्सीत आपल्या कितीतरी घरांत आता डच नाहीतर जर्मन आडनावाची सून आलीय, जावई आलाय, आणि नातवंडाला शाळेत फॅमिली ट्रीचा प्रोजेक्ट मिळाला की आपली बाजू संध्याकाळभरात भरून होते, आजोबांकडे कुळवृत्तांत असतोच, आणि दुसऱ्या बाजूला पणजोबांच्या वर नुसती प्रश्नचिन्हं. ती दुसरी बाजू कशी शोधायची, अमेरिकेत आलेल्या डच आणि जर्मन घराण्यांचा माग कसा काढायचा, त्यावर आज बोलायचंय.

दोनच गोष्टी लक्षात ठेवा, मी त्या परत परत सांगणार आहे. पहिली, आपल्यापासून मागे जायचं. एकेक पिढी, कागद हातात घेऊन. कुणीतरी मोठा माणूस पकडायचा आणि तिथून खाली स्वतःपर्यंत शिडी लावायची, हे करायचं नाही. दुसरी, गावाचं नाव. "आमचे लोक जर्मनीहून आले", "हॉलंडहून आले" एवढ्यावर काही होत नाही, कारण तिकडच्या जुन्या नोंदी गावोगावच्या चर्चच्या वह्यांत आहेत. गावाचं नाव मिळालं की वही मिळते. नाही मिळालं तर बसा.

आता खरं म्हणजे मी लगेच कुठे काय बघायचं ते सांगायला हवं, पण आधी आन्नेकेबाई. ज्यांनी मला पूर्वी ऐकलंय ते म्हणतील, आली परत आन्नेकेबाई. येऊ दे की.

तर मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाला तेव्हा न्यू ॲमस्टरडॅम होतं, डच वेस्ट इंडिया कंपनीची वसाहत. आन्नेके यान्स नावाची बाई १६३० साली नवऱ्याबरोबर बोटीने आली, नवरा रूलॉफ यान्सन, पदरात मुली. आधी ते वर आजच्या ऑल्बनीजवळ शेती करत होते, मग खाली मॅनहॅटनला आले, आणि रूलॉफला हडसनच्या काठाला साधारण ६२ एकर जमीन मिळाली. आज जिथे ट्रायबेका आहे ना, तो भाग. तिथल्या एका फ्लॅटचं भाडं ऐकून मला घाम फुटतो, ते जाऊ दे. जमीन मिळाली आणि थोड्याच दिवसांत रूलॉफ गेला. विधवा बाई, लहान लहान पोरं. पण तिची आई तिथेच होती, त्रीन योनास, कंपनीची पगारी सुईण, म्हणजे घरात एक कमावती बाई होती हे लक्षात घ्या.

मग १६३८ मध्ये तिने गावच्या पाद्र्याशी लग्न केलं, एव्हरार्डस बोगार्डस. आणि पाद्र्याची बायको म्हटल्यावर गाव बोलणारच. त्याच वर्षी प्रकरण कागदावर आलं, की आन्नेकेबाई लोहाराच्या दुकानावरून जाताना घागरा वर उचलून गेल्या म्हणे, घोटे दिसले. बाईंच्या बाजूचं म्हणणं काय, तर रस्त्यात चिखल होता! चिखल होता म्हणून घागरा उचलला, एवढंच. यावर साक्षीपुरावे झाले हो, आणि ते लिहून ठेवले, आणि ते आजही वाचता येतात. मला डच लोकांचं हे फार आवडतं, भांडतील पण भांडण नीट वहीत लिहून ठेवतील.

मग १६४२ मध्ये थोरल्या मुलीचं, साराचं लग्न झालं. नवरा हान्स कीर्स्टेडे, सर्जन, आणि तो कुठला, तर माग्डेबुर्गचा, म्हणजे जर्मन. हे मुद्दाम सांगतोय, कारण "आम्ही प्युअर डच" म्हणणाऱ्या घरांत जर्मन, नॉर्वेजियन, फ्रेंच बोलणारे वालून, सगळे सापडतात. त्या लग्नात वसाहतीचा डायरेक्टर विलेम कीफ्ट याने काय केलं ऐका. त्याला नवीन चर्च बांधायचं होतं, पैसे नव्हते. तर त्याने पाहुण्यांचे चार-पाच ग्लास होऊ दिले आणि मग वर्गणीचा कागद फिरवला. प्रत्येकाने चढाओढीने आकडे टाकले. सकाळी उतरल्यावर कितीजणांना पश्चात्ताप झाला, पण पैसे भरावे लागले. हे मी रचलेलं नाही, १६४९ साली कंपनीविरुद्ध लोकांनी जी तक्रार हॉलंडला पाठवली त्यात हे आहे.

पुढे या कीफ्टचं आणि बोगार्डसचं इतकं वाजलं की पाद्री व्यासपीठावरून त्याच्या नावाने खडे फोडायचा आणि कीफ्ट प्रवचन चालू असताना बाहेर ढोल वाजवायला लावायचा, तोफा उडवायला लावायचा. शेवटी १६४७ मध्ये दोघंही आपापली बाजू मांडायला हॉलंडला निघाले, एकाच बोटीने, आणि ती बोट वेल्सच्या किनाऱ्याजवळ स्वान्सीपाशी फुटली. दोघंही बुडाले.

आन्नेकेबाई दुसऱ्यांदा विधवा. ती वर ऑल्बनीला गेली, तेव्हा बेव्हरवाइक म्हणत, आणि १६६३ मध्ये वारली. मृत्युपत्र करून गेली, त्यात मुलं-नातवंडं नावानिशी आहेत. हे मृत्युपत्र लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१६६४ मध्ये इंग्रज आले, न्यू ॲमस्टरडॅमचं न्यू यॉर्क झालं. १६७१ मध्ये वारसांनी ती ६२ एकर गव्हर्नर लव्हलेसला विकली. सगळ्यांनी सह्या केल्या, फक्त कॉर्नेलिस नावाचा मुलगा आधीच वारला होता आणि त्याच्या घरच्यांची सही त्या कागदावर राहिली. एक सही राहिली. यातून काय होऊ शकतं हे मराठी माणसाला मी सांगायला नको.

ती जमीन सरकारजमा झाली, १७०५ मध्ये इंग्लंडच्या राणी ॲनने ती न्यू यॉर्कच्या ट्रिनिटी चर्चला दिली, आणि मग शहर वाढत वाढत तिच्यावरून पुढे गेलं. शेताचे ब्लॉक झाले, ब्लॉकच्या बिल्डिंगा झाल्या. इकडे आन्नेकेबाईच्या पोरांना पोरं, त्यांना पोरं, वंशज सगळीकडे पसरले. अठराव्या शतकात दावे सुरू झाले, एकोणिसाव्यात चालूच. १८४७ मध्ये न्यू यॉर्कच्या कोर्टाने साफ सांगितलं, चर्चचा ताबा पक्का आहे, आता काही होणार नाही. संपलं का? नाही ना! उलट त्यानंतर खरी मजा.

कारण तोवर एक गोष्ट तयार झाली होती. आन्नेकेबाई साधी बाई नव्हेच, ती विल्यम ऑफ ऑरेंजची नात, डच राजघराण्याची राजकन्या, कुणाच्या तरी गुपचूप लग्नातून झालेली, आणि तिच्या नावाने हॉलंडमध्ये अफाट पैसा ठेवलाय, तो सातव्या पिढीला मिळणार आहे. सातवी पिढी म्हणजे कोण, तर बरोबर तीच जी तेव्हा जिवंत होती, काय योगायोग. मग वारसांच्या संघटना निघाल्या, वकील आले, वकील नसलेले पण वकिलासारखे बोलणारे आले, आणि वर्गण्या गोळा झाल्या. माझ्या व्याह्यांच्या घरी अशा वर्गणीची त्यांच्या आजीच्या नावाची पावती एका पाकिटात जपून ठेवलीय. आजी म्हणे शेवटपर्यंत म्हणायची, वरचा मजला बांधायचा पण ट्रिनिटीचे पैसे आल्यावर. पैसे काही आले नाहीत. मजलाही झाला नाही.

आणि हे सगळं कशाने कोसळलं? लग्नाच्या एका नोंदीने. ॲमस्टरडॅममध्ये लग्नाची नोंद करताना नवरा-नवरी कुठल्या गावचे ते लिहीत. १६२३ ची रूलॉफ आणि आन्नेकेची नोंद सापडली, आणि त्यात बाईंचं गाव लिहिलंय फ्लेक्करॉय. नॉर्वेच्या दक्षिण टोकाचं छोटं बेट. राजवाडा नाही, ऑरेंज नाही, मासेमारीचं बेट. आई सुईण. आणि ते मृत्युपत्र आठवतंय ना, त्यात राजघराण्याबद्दल अवाक्षर नाही. गावाचं नाव, मंडळी. इतक्या पिढ्या भांडल्या आणि निकाल गावाच्या नावाने लागला.

त्या सगळ्यांनी केलं काय, तर राजकन्येपासून सुरुवात केली आणि खाली आपल्याकडे आले. म्हणून म्हणतो, आपल्यापासून मागे जायचं. हल्ली ऑनलाइन झाडांत हेच चालतं, एकाने राजा लावला की बाकीचे कॉपी-पेस्ट. आणि ती नळीत थुंकायची डीएनए टेस्ट, चुलतभावंडं शोधायला ती चांगली आहे, पण "तुम्ही इतके टक्के अमुक" याच्यावर फार जाऊ नका, डच आणि जर्मन वेगळे काढणं तिला नीट जमत नाही. शेजारी शेजारी राहून लग्न केलेली माणसं ती, टेस्ट बिचारी काय करणार.

बरं, आता कामाचं. काचेपलीकडून मला घड्याळ दाखवतायत, तेव्हा भराभर.

जुने डच लोक आडनाव लावतच नव्हते बहुतेक. आपण मधलं नाव वडिलांचं लावतो तसं ते लावायचे आणि तिथेच थांबायचे. यानचा मुलगा पीटर, तर पीटर यान्सन, आणि त्या पीटरचा मुलगा पीटरसन. म्हणजे दर पिढीला शेवटचं नाव वेगळं. आडनाव शोधत मागे गेलात तर भिंतीवर आपटाल. इंग्रज आल्यावर हळूहळू एकच आडनाव पक्कं झालं, आणि भाऊ-भावांनी वेगवेगळं निवडलं असंही झालं. राष्ट्राध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्युरेन घ्या, १७८२ चा जन्म, घरात डच बोलायचे, त्यांचा मूळपुरुष १६३१ मध्ये आला तो कॉर्नेलिस मासन या नावाने. व्हॅन ब्युरेन नंतरचं.

मग धरायचं कशाला? बाप्तिस्म्याच्या नोंदीला. न्यू ॲमस्टरडॅमच्या डच चर्चची बाप्तिस्म्याची वही १६३९ पासूनची आहे, छापलेली आहे, आणि तिच्यात बाळाच्या नावाशेजारी साक्षीदार लिहिलेत. साक्षीदार कोण, तर बहुतेक वेळा आजी, काका, मावशी. ते वाचा, सगळे वाचा. पहिल्या मुलांना आजोबा-आजींची नावं द्यायची पद्धत होती, त्यावरूनही अंदाज येतो. आणि सगळ्यात छान म्हणजे आईचं नाव तिच्या माहेरचं लिहिलेलं असतं. लग्न झालं म्हणून बाईचं नाव पुसलेलं नाही. आणि आमच्याकडे कुळवृत्तांत बघा, चारशे पानांचा ग्रंथ, मुलींना एक ओळ, सुनांचं सासरी बदललेलं नाव आणि "अमक्यांची कन्या". माझ्या आजीचं माहेरचं पहिलं नाव आमच्या छापील पुस्तकात नाही. या विषयावर मी तासभर बोलू शकतो, पण नको.

नंतरचे डच, म्हणजे १८४७ च्या सुमाराचे, व्हॅन राल्टे नावाच्या पाद्र्याबरोबर मिशिगनला हॉलंड गाव वसवलं ते, किंवा शोल्टे नावाच्या पाद्र्याबरोबर आयोवात पेला वसवलं ते, त्यांचं काम त्यामानाने सोपं. नेदरलँडमध्ये १८११ पासून जन्म-लग्न-मृत्यूची सरकारी नोंद आहे, आणि तिची सूची 'वीवासवी' नावाच्या साइटवर घरबसल्या शोधता येते.

जर्मन. त्यांची पहिली मोठी वस्ती जर्मनटाउन, फिलाडेल्फियाजवळ, १६८३, क्रेफेल्डहून आलेली १३ कुटुंबं. मग १७१० ला पॅलेटाइन लोक, म्हणजे जर्मनीतल्या ऱ्हाइनकाठच्या पॅलेटिनेट भागातले, साधारण ३००० जण न्यू यॉर्कला निघाले, इंग्रजांनी त्यांना आरमारासाठी डांबर करायला हडसनच्या काठी बसवलं. डांबराचा धंदा बुडाला, पण गव्हर्नर हंटरने कुणाला किती रेशन दिलं त्याच्या याद्या उरल्यात, आणि आज त्या याद्या सोन्यासारख्या आहेत. १७२७ पासून फिलाडेल्फियाला उतरलेल्या जर्मन पुरुषांना, सोळा वर्षांवरच्या, राजनिष्ठेची शपथ घ्यावी लागे. कॅप्टनची एक यादी आणि शपथांच्या दोन, म्हणजे एकाच माणसाचं नाव तीनदा. कॅप्टनने कानाला ऐकू आलं तसं इंग्रजीत लिहिलेलं, शपथेवर त्याने स्वतः जर्मन लिपीत केलेली सही. तिन्ही शेजारी ठेवून वाचा. बायका-मुलं बहुतेक नाहीतच, त्यांना चर्चमध्ये शोधायचं.

अजून एक, जर्मन घरात पाचही मुलगे योहान असू शकतात, हाक मारायचं नाव दुसरं असतं. आणि वेस्टफालियाकडे शेतावर घरजावई गेला की शेताचं नाव लावायचा, त्याच्या भावाचं आडनाव वेगळंच राहायचं. गोंधळून जाऊ नका.

आणि कृपा करून "एलिस आयलंडवर क्लार्कने आमचं नाव बदललं" हे सांगू नका. एलिस आयलंड, म्हणजे न्यू यॉर्क बंदरातलं बाहेरून येणाऱ्यांना तपासायचं ठाणं, १८९२ ला उघडलं, आणि तिथला क्लार्क बोटीवरून आलेल्या छापील फॉर्मची यादी समोर ठेवून नाव तपासायचा. ती यादी निघतानाच्या बंदरात केलेली. नाव बदललं ते लोकांनी स्वतः, इथे राहता राहता, दुकानाच्या पाटीसाठी, शाळेसाठी.

गावाचं नाव मात्र मिळणार कुठे? सेन्ससमध्ये नाही, तिथे नुसतं प्रशिया, बाडेन, हॅनोव्हर, कारण १८७१ पर्यंत जर्मनी नावाचा एक देशच नव्हता. १८९० चा सेन्सस तर बराचसा आगीनंतर गेलाच. इथल्या जर्मन चर्चच्या लग्नाच्या आणि मृत्यूच्या नोंदी बघा, थडग्याचा दगड बघा, जुन्या जर्मन भाषेतल्या वर्तमानपत्रातली मृत्यूची बातमी बघा. हॅम्बुर्गहून निघाले असतील तर नशीब, १८५० ते १९३४ च्या प्रवाशांच्या याद्या आहेत आणि त्यात राहण्याचं ठिकाण लिहिलंय. ब्रेमेनहून निघाले असतील तर तिथल्या अधिकाऱ्यांनी जुन्या याद्या जागा नाही म्हणून फाडून टाकल्या, थोड्याच उरल्या. गाव कळलं की तिथल्या चर्चच्या वह्या ऑनलाइन बघायच्या, प्रोटेस्टंटांसाठी 'आर्किओन', तिथे पैसे पडतात, कॅथलिकांसाठी 'मात्रिकुला', ती फुकट, आणि 'फॅमिलीसर्च' सगळ्यांसाठी फुकट.

वेळ झाली म्हणतायत. व्याह्यांचं कामही चालूच आहे, पावतीवाल्या आजीपासून मागे १८३० पर्यंत आलोय, आणि कॉर्नेलिसच्या घरचं कुणी अजून तरी आडवं आलेलं नाही. पुढच्या वेळी जुनी जर्मन लिपी वाचायची कशी ते बघू, कागद-पेन घेऊन बसा. नमस्कार.