हातात मावणारा टॅबलेट: साचा बदलावा की आतले यंत्र?

(दृश्य: टेबलावर शेजारी शेजारी ठेवलेले दोन लहान टॅबलेट आणि एक पोलादी पट्टी.)

डावीकडचा टॅबलेट हा ॲपलचा पहिला आयपॅड मिनी. तो २ नोव्हेंबर २०१२ रोजी विक्रीस आला. उजवीकडचा त्याच घराण्यातला सातवा, ऑक्टोबर २०२४ मधला. चार्जिंगचे छिद्र, बटणांच्या जागा, पडद्याभोवतीची चौकट, कोपऱ्यांची गोलाई, पाठीची जाडी असे डोळ्यांना दिसणारे जवळपास सगळे या बारा वर्षांत बदलले आहे. मात्र पट्टी आडवी लावली की पहिल्याची रुंदी १३४.७ मिलिमीटर भरते आणि सातव्याची १३४.८. मधल्या पाच मॉडेलांपैकी एकानेही ही रेघ ओलांडलेली नाही.

लहान टॅबलेट जुनाट दिसू लागला आहे, त्याला नवे रूप द्यावे, अशी मागणी अधूनमधून होतच असते; आणि कंपनीने केवळ चिप बदलून तेच यंत्र पुन्हा बाजारात आणले की सगळीकडून निराशेचा सूर उमटतो. ही निराशा कितपत रास्त आहे, हे पाहण्यासाठी मिनीची बारा वर्षे उत्तम साक्षीदार आहेत. या काळात मोठे बदल झाले, नाममात्र बदल झाले आणि साडेतीन वर्षे काहीच न होण्याचा एक काळही येऊन गेला.

(दृश्य: २०१० सालातील सात इंची टॅबलेटची छायाचित्रे.)

१८ ऑक्टोबर २०१० रोजी गुंतवणूकदारांशी बोलताना ॲपलचे तत्कालीन प्रमुख स्टीव्ह जॉब्ज यांनी सात इंची टॅबलेटांना जन्मतःच मृत ठरवले होते. वापरणाऱ्यांना बोटे घासून बारीक करण्यासाठी सोबत सँडपेपर द्यावा लागेल, असा टोमणाही त्यांनी मारला. त्यामागचे गणित खरे होते. पडद्याचे माप तिरक्या रेषेत घेतले जात असल्याने सात आणि दहा या आकड्यांतला फरक थोडा वाटतो, पण क्षेत्रफळाने सात इंची पडदा दहा इंचीच्या निम्माही भरत नाही. तरीही अवघ्या तीन महिन्यांत, जानेवारी २०११ मध्ये, ॲपलचेच एक वरिष्ठ अधिकारी एडी क्यू यांनी सहकाऱ्यांना लिहिले की सात इंचीची बाजारपेठ उभी राहणार आहे आणि आपणही तसा टॅबलेट करायला हवा. हा अंतर्गत ईमेल २०१२ साली सॅमसंगविरुद्धच्या खटल्यात उघड झाला.

सँडपेपरची गरज मिनीला पडली नाही, याचे श्रेय एका साध्या हिशेबाला आहे. पहिल्या मिनीच्या पडद्यावर इंचाला १६३ बिंदू होते, आणि २००७ च्या पहिल्या आयफोनवरही तेवढेच होते. आयफोनसाठी बोटाच्या मापाने ठरवलेले बटण मिनीवर त्याच मापाचे उमटत होते. मोठ्या आयपॅडसाठी लिहिलेले प्रत्येक ॲप काडीचाही बदल न करता येथे चालले, फक्त थोडे आक्रसून. रुंदीही तळहाताच्या हिशेबाने ठरलेली होती: सरासरी प्रौढ माणसाने मागून धरले तर एका बाजूला अंगठा आणि दुसऱ्या बाजूला बोटे पोहोचावीत, आणि कडेवर टेकलेला अंगठा स्पर्श म्हणून मोजला जाऊ नये, याची काळजी सॉफ्टवेअरने घ्यावी. लहान टॅबलेटचा सगळा संसार या एका मापावर उभा आहे.

(दृश्य: आकाश टॅबलेट, पवई येथील आयआयटी मुंबईचा परिसर.)

मिनी विक्रीस आल्यानंतर नऊच दिवसांनी, ११ नोव्हेंबर २०१२ रोजी, भारतात आकाश-२ चे अनावरण झाले. दोघांच्या किमतीत आणि हेतूत जमीनअस्मानाचा फरक असला, तरी आपल्या प्रश्नासाठी आकाशची कथा मिनीइतकीच बोलकी आहे. पहिला आकाश ५ ऑक्टोबर २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय मंत्री कपिल सिबल यांनी दिल्लीत सादर केला होता. (योगायोग असा की अमेरिकेत जॉब्ज यांचे निधन झाले, तो दिवसही हाच.) विद्यार्थ्यांसाठीच्या त्या सात इंची टॅबलेटचा पडदा दाबावर चालणारा होता. त्यावर बोट ठेवून भागत नसे, नख रुतवावे लागे. प्रोसेसर ३६६ मेगाहर्ट्झचा आणि बॅटरी २१०० मिलिअँपिअर-तासांची होती. पुढे प्रकल्पाची जबाबदारी आयआयटी मुंबईकडे आली, आणि आकाश-२ मध्ये १ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर, दुप्पट म्हणजे ५१२ मेगाबाइट रॅम, ३००० ची बॅटरी आणि हलक्या स्पर्शाला दाद देणारा पडदा आला. पडद्याचे माप आणि त्यावरच्या बिंदूंची संख्या मात्र तीच राहिली. दुरून पाहणाऱ्याला दोन्हींत फारसा फरक दिसला नसता; ज्याने दोन्हींवर बोट फिरवून पाहिले, त्याला मात्र दुसरे यंत्र वेगळ्याच जातीचे वाटले असते. त्या प्रकल्पाचे पुढे जे व्हायचे ते झाले, पण ‘आतला किरकोळ बदल’ हा शब्दप्रयोग किती फसवा असू शकतो, याचे इतके नेमके उदाहरण मला दुसरे ठाऊक नाही.

मिनीच्या बाबतीत असाच एक बदल २०१३ मध्ये झाला. इंचाला १६३ ऐवजी ३२६ बिंदू आले. इंग्रजी वाचणाऱ्यासाठी ती डोळ्यांना सुखावणारी गोष्ट होती. मराठी वाचणाऱ्यासाठी तो सुवाच्यतेचा प्रश्न होता. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार यांची दाटी असते, खाली उकार आणि जोडाक्षरांचे पाय लोंबत असतात, आणि ‘द्ध’, ‘द्व’, ‘ष्ट्य’ यांसारखी अक्षरे कमी बिंदूंच्या पडद्यावर लहान टंकात काळ्या ठिपक्यांसारखी दिसू लागतात. बिंदू चौपट झाल्यावर तीच अक्षरे सुटी होऊन उभी राहिली. अर्थात ही सुधारणा फुकट मिळाली नाही. वाढलेले बिंदू उजळण्यासाठी बॅटरी १६.३ वॅट-तासांवरून २३.८ वर न्यावी लागली, वजन ३०८ ग्रॅमवरून ३३१ ग्रॅम झाले आणि जाडीही किंचित वाढली. कंपनीने सांगितलेले दहा तास मात्र दहाच राहिले.

याउलट २०१४ चा मिनी-३ हा नाममात्र बदलाचा नमुना आहे. चिप जुनी, पडदा जुना. नवीन काय, तर बोटाचा ठसा ओळखणारे बटण आणि सोनेरी रंग. आदल्या वर्षीचा मिनी त्याच वेळी शंभर डॉलर कमी किमतीत दुकानात उपलब्ध असताना या टॅबलेटवर टीका झाली, आणि ती योग्यच होती. पुढच्या वर्षीच्या मिनी-४ ची जाडी ६.१ मिलिमीटरवर आली, वजन ३०० ग्रॅमच्या आत गेले, आणि काच व तिच्याखालचा पडदा एकमेकांना चिकटवल्यामुळे उन्हातली चकाकी कमी झाली. त्या चिकटवण्याची दुसरी बाजू दुरुस्तीवाल्यांना चांगली माहीत आहे. आधी टॅबलेट पडला तर फुटलेली काच तेवढी बदलून भागत असे. आता काचेसोबत धडधाकट पडदाही फेकावा लागतो.

त्यानंतर २०१५ च्या सप्टेंबरपासून २०१९ च्या मार्चपर्यंत मिनीला कोणी हात लावला नाही. एव्हाना मोठ्या पडद्यांच्या फोनांनी सात इंची टॅबलेटांचा बाजार गिळला होता. गूगलचा १९९ डॉलरचा नेक्सस ७ इतिहासजमा झाला होता, आणि २०१५ मध्ये अवघ्या ५.६ मिलिमीटर जाडीचा, २६५ ग्रॅम वजनाचा आठ इंची टॅब एस-२ काढणाऱ्या सॅमसंगने आपल्या महागड्या मालिकेतून पुढे आठ इंचीला रजा दिली. रूपाने तो टॅबलेट आजही देखणा वाटतो. रूपाने बाजार टिकत असता, तर तो टिकायला हवा होता. मार्च २०१९ मध्ये आलेल्या मिनी-५ ने मात्र तोच जुना साचा ठेवून आत चार पिढ्या पुढची चिप बसवली आणि ॲपलच्या इलेक्ट्रॉनिक पेन्सिलने लिहिण्याची सोय दिली. चार वर्षांपूर्वीचा देह म्हणून त्याला नावे ठेवली गेली. माझ्या मते मिनीच्या इतिहासातला सर्वांत समजूतदार बदल तोच होता; फक्त तो दोन वर्षे आधी व्हायला हवा होता.

(दृश्य: मिनी-५ आणि मिनी-६, दोन्हींच्या पडद्यांवर छापील ए-फोर कागदाचे तेच पान.)

खरी नवी रचना आली सप्टेंबर २०२१ मध्ये. मिनी-६ चा पडदा ७.९ वरून ८.३ इंचांचा झाला, खालचे गोल बटण गेले, आणि जाहिरातीत मोठा पडदा अधोरेखित झाला. मोठा म्हणजे किती, हे मोजून पाहू. पडदा उंचीने सुमारे १७ मिलिमीटर वाढला, पण रुंदीने जवळपास चार मिलिमीटर घटला. क्षेत्रफळात पडलेली भर सुमारे सात टक्क्यांची आहे. सरकारी परिपत्रक, शोधनिबंध किंवा स्कॅन केलेले ए-फोर मापाचे पान जुन्या पडद्यावर मूळ आकाराच्या ५४ टक्के दिसत असे, नव्यावर ते ५५ टक्के दिसते. वाढलेली जागा पानाच्या वर-खाली कोरी राहते. चित्रपट आडवा धरून पाहणाऱ्याचा थोडा फायदा झाला. पान उभे धरून वाचणारा होता तिथेच राहिला.

तरीही ही नवी रचना मी अनावश्यक म्हणणार नाही, कारण तिच्या मागे बाहेरच्या जगाने निर्माण केलेली दोन कारणे होती. पहिले, चार्जिंगची वायर: फोन, लॅपटॉप, कॅमेरे टाइप-सीकडे वळलेले असताना फक्त एका उपकरणासाठी वेगळी वायर बाळगणे हा जाच झाला होता. दुसरे, पेन्सिल. मिनी-५ ला चालणारी पेन्सिल चार्ज करताना टॅबलेटच्या बुडाशी खोचावी लागे आणि ती शेपटीसारखी बाहेर लोंबत राही. एरवी ती ठेवायला टॅबलेटवर जागाच नव्हती. मिनी-६ च्या लांब कडेला ती चुंबकाने चिकटते आणि तिथेच चार्ज होते. पण त्या कडेला पेन्सिल आली म्हणून आवाजाची बटणे वरच्या कडेला सरकली, इअरफोनचे छिद्र गेले, आणि जुनी कव्हरे व स्टँड निकामी झाले.

शिवाय एक नवे दुखणे जडले. एलसीडी पडदा एका क्षणात रंगत नाही, तो एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे ओळीओळीने रंगत जातो. मिनी-६ मध्ये पडद्याचे नियंत्रण करणारी पट्टी लांब कडेला असल्यामुळे टॅबलेट उभा धरला की ही लाट डावी-उजवीकडे वाहते, आणि मजकूर वर सरकवताना ओळीची एक बाजू दुसरीच्या किंचित मागे राहते. डोळ्याला ओळ तिरकी होऊन पुन्हा सरळ झाल्याचा, जेलीसारखा थरथरल्याचा भास होतो. कंपनीने ते एलसीडीचे स्वाभाविक वर्तन असल्याचे सांगितले. ज्यांना ते दिसत नाही, त्यांना कधीच दिसत नाही. ज्यांना एकदा दिसले, त्यांना दुसरे काही दिसेनासे होते.

ऑक्टोबर २०२४ च्या मिनीने या साच्याला हात लावला नाही. नवी चिप, ८ गिगाबाइट रॅम, आणि ६४ ऐवजी १२८ गिगाबाइट साठवण. अमेरिकेत किंमत ४९९ डॉलरच राहिली, भारतात ती ४६,९०० वरून ४९,९०० रुपयांवर गेली. पुन्हा ‘एवढेच?’ असा प्रश्न आला. पण जे बदलले, ते यंत्र किती वर्षे चालेल हे ठरवणारे आहे. ६४ गिगाबाइट भरल्यावर टॅबलेट जुना होतो, चौकट जाड दिसल्याने नव्हे. माझी तक्रार वेगळीच आहे. बाहेरून जसाच्या तसा दिसणाऱ्या या टॅबलेटला मिनी-६ ची चुंबकी पेन्सिल चालत नाही. साचा न बदलता जुने सोबतचे सामान बाद करणे, हा सुधारणेचा सर्वांत वाईट प्रकार होय.

(दृश्य: गोदामात, मालवाहू गाडीच्या डॅशबोर्डवर बसवलेला आठ इंची टॅबलेट.)

साचा न बदलण्याचे मोल कामाच्या ठिकाणी अधिक चांगले कळते. सॅमसंगच्या टॅब ॲक्टिव्ह या दणकट मालिकेतला २०२० चा टॅबलेट आणि २०२४ चा टॅबलेट यांच्या लांबी-रुंदीत फरक शोधून सापडत नाही, आणि दोन्हींची बॅटरी ५०५० मिलिअँपिअर-तासांचीच आहे. बदलले ते आतले यंत्र आणि पडद्याची गती. गाडीत, गोदामात, ट्रॉलीवर शेकडो स्टँड ठोकून बसवणाऱ्याला नव्या टॅबलेटने जुन्याच खाचेत बसावे, एवढेच हवे असते. लहान विमानांचे अनेक वैमानिक मिनी मांडीवरच्या पट्ट्यावर बांधून नकाशे वाचतात. त्यांचेही दुखणे हेच असते.

टॅब ॲक्टिव्ह मालिकेतली दुसरी गोष्ट मात्र मिनीने कधीच उचलली नाही. त्या टॅबलेटची पाठ उघडून बॅटरी हाताने काढता येते. मिनीची बॅटरी आत चिकटवलेली असते, आणि तिच्यापर्यंत पोहोचण्यासाठी पडद्याच्या कडा गरम करून डिंक सैल करावा लागतो, तोही काच न तडकवता. चिप पाच-सहा वर्षे सहज पुरते, लिथियमची बॅटरी त्याआधीच थकते. लहान टॅबलेटला नवी रचना हवीच असेल, तर ती या ठिकाणी हवी आहे: रुंदीला धक्का न लावता, पाठीच्या आत.

युरोपीय संघाच्या नियमांत टॅबलेटची व्याख्या सात इंचांपासून सुरू होते, म्हणजे या चित्रफितीत दिसलेले सगळे आकार तिच्यात बसतात. उपकरणातली बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता यावी, हा तिथला सर्वसाधारण नियम १८ फेब्रुवारी २०२७ पासून लागू होणार आहे. दीर्घकाळ टिकणाऱ्या बॅटऱ्यांसाठी त्यात काही सवलती आहेत.

(दृश्य: पहिल्या मिनीच्या कडेवर गरम हवा सोडली जात आहे. शेजारी टॅब ॲक्टिव्हची पाठ नखाने उचलली जाते.)

टेबलावरचा पहिला मिनी आता उघडतो आहे. काच वेगळी व्हायला बराच वेळ लागेल, आणि आतली बॅटरी निघेपर्यंत शेजारच्या टॅबलेटमध्ये दुसरी बसवून तो सुरूही झालेला असेल.