चार गोलांच्या पलीकडची इकिगाई

नमस्कार श्रोतेहो. इकिगाई हा जपानी शब्द, म्हणजे ज्यासाठी जगावंसं वाटतं ते. तर इकिगाई म्हटलं की हल्ली व्हॉट्सअ‍ॅपवर एक चित्र फिरत असतं बघा, एकमेकांत अडकलेले चार गोल, तुम्हाला काय आवडतं, काय जमतं, जगाला काय हवंय आणि पैसे कशाचे मिळतील, आणि मधोमध इकिगाई. तर ते चित्र जपानी लोकांनी काढलेलं नाहीये, बाहेरच्यांनी काढलंय. आणि मला ते खटकतं, कारण ते बघून रिटायर झालेल्या माणसाला, नाहीतर जन्मभर घर सांभाळलेल्या बाईला वाटतं की आपला पैशाचा गोल तर रिकामाच, म्हणजे आपल्याला इकिगाई नाहीच.

म्हणून आज मिएको कामिया यांच्याबद्दल सांगते. जन्म १९१४ चा. तरुणपणी त्या एका नातेवाइकांबरोबर कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत ऑर्गन वाजवायला गेल्या आणि तिथं जे पाहिलं त्यानं ठरवलं की आपण डॉक्टर व्हायचं. घरचे नको म्हणाले, मग स्वतःलाच टीबी झाला, तरी शेवटी डॉक्टर झाल्याच, मनोविकारतज्ज्ञ. आणि १९५७ पासून नागाशिमा नावाच्या बेटावर जायला लागल्या.

हे बेट जपानच्या ओकायामा भागात. १९३० साली तिथं कुष्ठरोग्यांसाठी सरकारी वसाहत सुरू झाली. किनारा समोर दिसतोय, पण जायची परवानगी नाही. घरच्यांना बदनामी नको म्हणून कितीतरी जण नाव बदलून राहायचे. औषधं आली, माणसं बरी झाली, पण वेगळं ठेवण्याचा कायदा रद्द झाला थेट १९९६ मध्ये! बेटाला जोडणारा पूलसुद्धा १९८८ चा.

कामियाबाई तिथल्या लोकांशी बोलत बसायच्या, जगण्यात अर्थ वाटतो का असं विचारायच्या. आणि गंमत नाही, खरंच विचार करायला लावणारी गोष्ट अशी की ज्यांचा आजार सौम्य होता, हातपाय धड होते, जेवणखाण सगळं मिळत होतं, त्यातले बरेच जण म्हणायचे की दिवस जात नाही, सगळं पोकळ वाटतं. आणि काही जण डोळे गेलेले, बोटं गेलेली, तरी आतून भरलेले.

त्याच बेटावर १९५३ मध्ये अंध रुग्णांनी हार्मोनिकाचा बँड काढला होता, नाव ‘आओई तोरी’, निळा पक्षी. आता यांना दिसत नाही, आणि आजारानं बोटांची संवेदना गेलेली, म्हणजे ब्रेल चाचपडून वाचायची सोयसुद्धा नाही. मग त्यांच्यातल्या काहींनी जिभेनं ब्रेल वाचायला शिकून घेतलं, जिभेनं एकेक टिंब शोधत सुरांची लिपी वाचायची, पाठ करायची आणि मग सगळ्यांनी मिळून वाजवायचं. पुढं बेटाबाहेर जाऊनही कार्यक्रम केले. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून नुसती बसून राहिले. आपल्याकडं आनंदवन पाहिलेल्यांना हे पटकन कळेल.

या सगळ्यातून कामियाबाईंचं इकिगाईवरचं पुस्तक आलं १९६६ मध्ये, घर, दोन मुलं, कॉलेजात शिकवणं हे सगळं सांभाळून लिहिलेलं. त्यात करिअरचा सल्ला नाही हो, सगळं हिरावलं गेल्यावर माणूस उद्याची वाट कशासाठी बघतो हा प्रश्न आहे.

आता दुसरं टोक, ओकिनावा, जपानच्या दक्षिणेकडची बेटं. तिथल्या ओगिमी गावात किजोका नावाची वस्ती आहे, केळीच्या जातीच्या झाडाच्या धाग्याचं कापड विणतात, बाशोफू. झाड तयार व्हायला तीनेक वर्षं, सोपटं सोलायची, राखेच्या पाण्यात उकळायची, खरवडायची, मग केसासारखे तंतू टोकाला टोक लावून गाठी मारत जायचं. एका किमोनोच्या कापडाला सुमारे दोनशे झाडं. दुसऱ्या महायुद्धानंतर ही कला मोडीत निघाली होती, ती तोशिको ताइरा या बाईंनी परत उभी केली, आणि गाठी मारायचं काम गावातल्या म्हाताऱ्या बायकांच्या हातात दिलं.

इथं मला आपली घरं आठवतात. आई सत्तरीची झाली की आपण प्रेमानं तिच्या हातातली निवडायची भाजी काढून घेतो, तू आराम कर म्हणतो, आणि मग ती दिवसभर खिडकीत बसते आणि आपल्याला कळत नाही हिला झालं काय.

ताइराबाईंना २००० साली जपाननं ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ हा मान दिला. तेव्हा त्या ७९ वर्षांच्या होत्या, आणि त्यानंतरही काम चालूच. २०२२ मध्ये गेल्या, १०१ वर्षांच्या होऊन.