शिव्यांचा तास

उन्हं कलली की जळगावातल्या या जिन्यात चपलांचा ढीग लागतो. वर इंग्लिश स्पीकिंगचा क्लास. कुणी भुसावळहून रेल्वेनं आलंय, कुणी एरंडोलहून एस.टी.नं. घरात अहिराणी नाहीतर लेवा बोली, शाळेत पुस्तकी मराठी, आणि पहिलीपासून इंग्रजीही.

आज सरांनी फळ्यावर लिहिलंय, ‘ब्लडी’. मागच्या बाकांवर खसखस पिकते.

हिंदी सिनेमातल्या खलनायकांनी हा शब्द पोरांना कधीच शिकवलाय. पण त्याचं वजन? १९१४ साली लंडनमध्ये शॉच्या ‘पिग्मॅलियन’ नाटकात नायिकेच्या तोंडी तो आला आणि केवढा गहजब झाला! २००६ मध्ये ऑस्ट्रेलियानं तोच शब्द पर्यटनाच्या जाहिरातीत घातला, तर त्याच वर्षी ब्रिटिश टीव्हीवर ती काही काळ अडवली गेली.

आता पडद्याकडे बघा. आवाज मुद्दाम बंद आहे. दोन मैत्रिणी. एकीच्या बोटात नवी अंगठी, दुसरी डोळे विस्फारून काहीतरी ओरडते. भांडण आहे का? ‘नाही, खूश आहे ती,’ पहिल्या बाकावरून उत्तर येतं. मग सर आवाज चालू करतात. ‘शट अप!’

‘काय सांगस भो!’ मागून कुणीतरी ओरडतो. बरोब्बर.

मग फळ्यावर तीन रकाने: दोस्त, काका, साहेब. हेच आपल्या बोलीत कुणाला म्हणाल, कुणाला नाही? पोरं भराभर सांगतात. ‘पिस्ड’पाशी मात्र अडतात. ब्रिटनमध्ये तो दारू चढलेला, अमेरिकेत संतापलेला. (पुढचे काही शब्द आम्ही बीप केलेत. वर्गात बीप नव्हता.) त्यातला सर्वांत बदनाम शब्द ऑक्सफर्डच्या थोरल्या कोशातही १९७२ च्या पुरवणीपर्यंत नव्हता. क्लासच्या छापील पुस्तकात तो आजही नाही. वेब सिरीजमध्ये मात्र दर मिनिटाला आहे, आणि त्या ही पोरं रोज रात्री बघतात.

बोलायला नाही, ओळखायला शिकवतोय, सर पुन्हा पुन्हा बजावतात. मुली वहीत उतरवून घेतात, अगदी गंभीरपणे.

आधीच्या तुकडीतले काही जण पुण्यात कॉल सेंटरला लागलेत. चिडलेला ग्राहक शिवी कंपनीला घालतोय की आपल्याला, हे आता कळतं म्हणतात. काही पालकांनी तक्रार केली, म्हणून हा तास ऐच्छिक झाला. बाकं तरी भरलेलीच आहेत.